उभ्या ट्रॉलीचे टायर आणि ऊन

विंचूर गाव निफाड तालुक्यात आहे. नाशिकहून येवल्याकडे जाणारा मोठा रस्ता गावावरून जातो. लासलगाव तिथून जवळच. लासलगाव बाजार समितीचे एक आवार विंचूरलाही आहे. कांद्याच्या दिवसांत सकाळी तिथे जाऊन पाहा. ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांची लांबच लांब रांग लागलेली असते.

ट्रॉली हे शेतकऱ्याचे चालते कोठार आहे. कांदा, ऊस, खत, विटा, वाळू, सगळे तीच वाहते. पण ती रोज चालत नाही. हंगाम आला की रात्रंदिवस पळते. हंगाम सरला की महिना महिना जागेवर उभी असते. ती उभी असताना तिचे काय होते, हे आज आपण पाहू.

आबांची ट्रॉली

आपल्यासारख्याच एका शेतकऱ्याची ही गोष्ट आहे. त्यांना सगळे आबा म्हणतात.

आबांनी एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढला. भाव पडलेला होता. म्हणून कांदा चाळीत भरला आणि ट्रॉली घरामागे उघड्यावर लावून टाकली. घर बांधून उरलेल्या विटा होत्या, त्याही ट्रॉलीतच राहिल्या. मे महिना तापला. पावसाळा आला. ट्रॉली तिथेच. तिच्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

भाद्रपदात भाव बरा झाला. आबांनी विटा उतरवल्या, टायरमध्ये हवा भरून घेतली आणि कांदा भरला. पहाटे मुलगा ट्रॅक्टर घेऊन निघाला. आबा मोटरसायकलवर मागून येत होते. बाजार थोड्याच अंतरावर राहिला असेल. एकाएकी बार उडाल्यासारखा आवाज झाला. ट्रॉली एका अंगाला कलली. बाजूची फळी उघडली आणि कांदा रस्त्यावर आला. आबांची मोटरसायकल हातभर अंतरावर थांबली. दोन हात पुढे असते, तर ते चाकाखाली किंवा ढिगाखाली सापडले असते.

माणूस वाचला, हे मोठे. पण अर्धा कांदा गाड्यांखाली चेंगरला. उरलेला गोळा करून बाजारात नेईपर्यंत लिलाव आटोपला होता.

पंक्चर काढणारे मिस्त्री आले. आबा डोक्याला हात लावून बसले होते. ते म्हणाले, "मिस्त्री, टायर तर नव्यासारखाच होता. नक्षी बघा की! बोटाचं पेर बुडतंय अजून."

मिस्त्री म्हणाले, "आबा, नक्षी नका बघू. ही बाजू बघा."

त्यांनी टायरची बाजू अंगठ्याने दाबली. रबर उलले. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात ना, तशा बारीक भेगा सगळीकडे पडल्या होत्या. काही भेगांतून आतले दोरे दिसत होते.

"वरून कीर्तन अन् आतून तमाशा म्हणतात, तसं झालंय बघा," मिस्त्री म्हणाले. "हा टायर चालून नाही मेला आबा. उभा राहून मेला."

"उभा राहून टायर मरतो व्हय?" आबांनी विचारले.

होय, मरतो. कसा ते समजून घ्यायला आधी टायर कशाचा असतो ते पाहू.

टायर कशाचा असतो?

रबर हा झाडाचा चीक आहे. रुईचे पान तोडले की पांढरा चीक येतो. तसाच चीक रबराच्या झाडाच्या सालीला चीर दिली की येतो. आपल्या देशात रबराच्या सगळ्यांत जास्त बागा केरळात आहेत. आता कारखान्यात खनिज तेलापासूनही रबर तयार करतात. टायरमध्ये बहुधा दोन्ही मिसळलेली असतात.

नुसते चिकाचे रबर कामाचे नसते. उन्हाने ते चिकट होते आणि थंडीने कडक होते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर नावाच्या माणसाला एक युक्ती सापडली. रबरात गंधक घालून तापवले, की ते चिवट होते. ताणले तरी पुन्हा जागेवर येते. पुढे १८८८ साली जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. हे डनलॉप जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्याच नावावरून आपल्याकडे रबरी चाकांच्या बैलगाडीला डनलॉपची गाडी म्हणू लागले.

टायर काळा का असतो? रबराचा रंग मुळात काळा नाही. त्यात काजळी घातलेली असते. दिव्याच्या काचेवर धरते तशी, पण फार बारीक. या काजळीने रबर मजबूत होते. सूर्याचे बोचरे किरण ती स्वतः पिते आणि रबरापर्यंत कमी पोहोचू देते. काजळी नसती, तर टायर उन्हात याहून लवकर खराब झाला असता.

ट्रॉलीच्या टायरच्या पोटात नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात. ओझे खरे हे दोरे पेलतात. रबर त्यांना धरून ठेवते आणि त्यांच्यावर पांघरूण घालते. रस्त्याला टेकतो तिथे रबर जाड असते. तिथेच नक्षी असते. बाजूला मात्र रबर पातळ असते, कारण बाजू सारखी वाकावी लागते. म्हणून दुखणे आधी बाजूला दिसते. ट्रॉली वर्षातून थोडेच दिवस चालते. तिची नक्षी झिजतच नाही. आबा तिथेच फसले.

टायरचे तीन वैरी

पहिला वैरी म्हणजे ऊन. उन्हात डोळ्यांना न दिसणारे काही किरण असतात. त्यांनी घराच्या दाराचा रंग उडतो. शेततळ्याचा साधा कागद ठिसूळ होतो. तेच किरण रबराचीही वरची कातडी कडक करतात.

दुसरा वैरी म्हणजे उष्णता. काळी वस्तू ऊन जास्त ओढते. मे महिन्यात दुपारी उघड्यावरच्या टायरला हात लावून पाहा. चटका बसतो. तापलेले रबर लवकर म्हातारे होते.

तिसरा वैरी दिसत नाही. त्याचे नाव ओझोन. हवेत प्राणवायू असतो, हे तुम्ही ऐकले असेल. प्राणवायूचे कण दोन-दोन जोडीने राहतात. तेच तीन एकत्र आले, की त्याला ओझोन म्हणतात. उंच आकाशात ओझोनचा थर आहे. तो आपल्याला घातक किरणांपासून वाचवतो. पण जमिनीजवळही थोडा ओझोन असतो. गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडले की तो वाढतो. हा ओझोन ताणलेल्या रबराला कापतो. नीट ध्यानात घ्या, ताणलेल्या रबराला. सैल रबराला तो फारसा चिरत नाही.

हे घरी करून पाहता येईल. रबराची दोन सारखी कडी घ्या. एक कडे एखाद्या जाड बाटलीवर ताणून बसवा आणि बाटली उन्हात ठेवा. दुसरे कडे न ताणता डब्यात बंद करून ठेवा. काही दिवसांनी दोन्ही पाहा. बाटलीवरच्या कड्याला आडव्या चिरा दिसतील. पुढे ते तुटेलही. डब्यातले कडे तसेच राहील.

आता आबांच्या ट्रॉलीकडे पाहा. ट्रॉलीत विटा होत्या आणि टायरमधली हवा हळूहळू कमी झाली होती. हवा थोडीथोडी जातच असते. हवा कमी आणि वर ओझे, म्हणून टायरची खालची बाजू फुगून ताणली गेली. चाक फिरत नव्हते, म्हणून तीच जागा पाच महिने ताणलेली राहिली. वरून ऊन. चिरा पडल्या. चिरांतून पावसाचे पाणी आत गेले. दोऱ्यांची आणि रबराची पकड सुटली. मग एके दिवशी एकदम कांद्याचे ओझे पडले आणि टायर फाटला.

चालता टायर जास्त टिकतो

तुम्ही विचाराल, रोज पळणाऱ्या गाड्यांचे टायर उन्हातच असतात. त्यांना भेगा इतक्या लवकर का पडत नाहीत?

कारण असे. टायर करताना रबरात एक प्रकारचे मेण आणि काही औषधे मिसळतात. चाक फिरते, तशी टायरची बाजू दबते आणि सुटते, दबते आणि सुटते. तेव्हा ते मेण आणि औषध आतून हळूहळू वर येते. बाजूवर त्याचा पातळ थर धरतो. तो थर ओझोनला अडवतो. माणूस कामाला लागला की अंगाला घाम येतो ना, तसेच काहीसे. कधी टायरच्या बाजूवर तपकिरी झाक दिसते. तो मळ नाही. बहुतेक वेळा ते हेच औषध असते.

चाक थांबले, की ही मालिश थांबते. औषध वर येणे मंदावते. म्हणून उभ्या गाडीची काळजी चालत्या गाडीपेक्षा जास्त घ्यावी लागते.

काय करावे?

१. सावली करा. शेडमध्ये जागा असेल तर उत्तम. नसेल तर झाडाखाली लावा. झाडही नसेल, तर निदान चाके झाका. जुने गोणपाट चालेल, पांढरे धोतर किंवा लुगडे चालेल, पत्रा टेकवून उभा केला तरी चालेल. झाकण फिक्या रंगाचे असावे. वारा खेळेल असे सैल असावे. काळा प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका. आत वाफ कोंडते आणि टायर शिजल्यासारखा तापतो. पावसाळ्यात भिजलेले गोणपाट चाकावर तसेच ठेवू नका. ते काढून वाळवा. वाळलेला कडबा किंवा भुसाही चाकांना लावू नका. उंदीर येतात आणि ठिणगी पडली तर ट्रॉलीच जळते.

२. ट्रॉलीचे तोंड पाहून लावा. यात पैशाचाही खर्च नाही. चाकाची बाजू ट्रॉलीच्या डावीकडे आणि उजवीकडे तोंड करून असते. ट्रॉलीची दांडी उत्तरेला किंवा दक्षिणेला केली, तर एक बाजू उगवतीकडे आणि एक मावळतीकडे येते. सकाळचे आणि संध्याकाळचे तिरपे ऊन सरळ टायरच्या बाजूवर बसते. त्यापेक्षा उन्हाळ्यात दांडी उगवतीला किंवा मावळतीला करून लावा. तिरपे ऊन मग टायरच्या बाजूला नुसते घासून जाते. दुपारी सूर्य डोक्यावर असतो. आपल्या भागात २० मेच्या आसपास तो भर माथ्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली येते. त्या वेळी ट्रॉलीच्या साट्याचीच सावली चाकावर पडते. हिवाळ्यात मात्र सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा दक्षिणेकडची चाके दिवसभर तापतात. त्या दिवसांत तेवढी दोन चाके झाकली तरी पुष्कळ काम होते.

३. ओझे उतरवा. हंगाम संपला की ट्रॉली रिकामी करा. विटा, वाळू, जुने लोखंड तिच्यात साठवू नका. ट्रॉली म्हणजे अडगळीची खोली नव्हे.

४. महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल, तर जॅक लावून उचला. आसाखाली लाकडाचे मजबूत ठोकळे द्या. चाक जमिनीपासून सुटले की टायरचा ताण जातो. हे काम एकट्याने करू नका. जागा सपाट आणि टणक पाहा. बाकीच्या चाकांना पुढून आणि मागून दगडाची उटी लावा. ठोकळा म्हणून वीट वापरू नका, ती एकाएकी फुटते. नुसत्या जॅकवर ट्रॉली उभी असताना तिच्याखाली कोणीही जायचे नाही. पोरांना लांब ठेवा.

५. उचलता येत नसेल, तर हवा पूर्ण ठेवा. आठ-पंधरा दिवसांनी तपासा. हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी. दुपारी टायर तापला की आतली हवा फुगते आणि आकडा जास्त दिसतो. तो पाहून हवा सोडली, तर सकाळी टायर कमी हवेवर राहतो. थंडीत उलटे होते. निफाडची थंडी आपल्याला माहीतच आहे. गारठा पडला की आतली हवा आक्रसते. तेव्हा पुन्हा मोजावी.

६. अधूनमधून चालवा. आठवड्यातून एकदा ट्रॅक्टर जोडून शिवारात एक चक्कर मारा. तेवढेही होत नसेल, तर ढकलून अर्धे चाक तरी फिरवा. निदान एकच जागा सतत दबून राहणार नाही.

७. जागा स्वच्छ ठेवा. ऑइल सांडलेल्या, शेणाच्या किंवा खताच्या ओलीवर चाक उभे करू नका. खाली फळी टाका.

काय करू नये?

काही जण टायर चकचकीत दिसावा म्हणून त्यावर डिझेल, रॉकेल किंवा काळे ऑइल चोळतात. दोन दिवस टायर नवा दिसतो. पण तेलाने रबर फुगते आणि मऊ पडते. वरचे मेण आणि औषध निघून जाते. आपण राखणदारालाच हाकलून देतो. टायर धुवायचा तर साधे पाणी आणि थोडा साबण पुरे.

सुटा टायर छपरावर टाकून ठेवू नका. तो अंधाऱ्या, कोरड्या खोलीत उभा करून ठेवा. चालत्या मोटरीजवळ किंवा वेल्डिंगच्या जागी ठेवू नका. विजेच्या ठिणगीनेही ओझोन तयार होतो. मोटरीजवळ कधी एक तिखट वास येतो, तो त्याचाच.

बाद झालेले टायर उघड्यावर पडू देऊ नका. त्यात पावसाचे पाणी साठते आणि डेंग्यूचा डास त्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. टायर जाळूही नका. तो धूर विषारी असतो. जुने टायर घेणाऱ्याला देऊन टाका.

टायर वाचायला शिका

आता तुम्हाला वाचता येते. मग टायरही वाचा. त्यावर पुष्कळ लिहिलेले असते. अक्षरे आणि आकडे इंग्रजी असतात. पण मोबाईलवर आपण रोज तेच आकडे दाबतो.

ट्रॉलीच्या टायरवर बहुधा ७.५०-१६ असे असते. दुकानात आपण 'सात पन्नास सोळा' म्हणतो, ते हेच. साडेसात म्हणजे टायरची रुंदी, इंचांत. सोळा म्हणजे आतल्या लोखंडी रिंगचा व्यास, तोही इंचांत.

आता बाजूवर एक छोटी लांबट गोल चौकट शोधा. तिच्यात चार आकडे असतात. समजा, २३१९ आहे. त्याचे दोन भाग करा. पहिले दोन आकडे आठवड्याचे. पुढचे दोन आकडे सालाचे. म्हणजे हा टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. २३वा आठवडा म्हणजे जूनचा सुमार.

जनावर घेताना आपण दात पाहतो. टायर घेताना हे चार आकडे पाहा. विशेषतः जुना टायर किंवा जुनी ट्रॉली घेताना पाहाच. नक्षी नवी आणि वय बारा वर्षांचे, असे टायर बाजारात येतात. दहा वर्षांहून जुना टायर दिसायला चांगला असला तरी वापरू नये, असे टायर बनवणारे अनेक कारखाने सांगतात.

आबांच्या फुटलेल्या टायरवरचे आकडे त्यांच्या सूनबाईंनी वाचले. त्या म्हणाल्या, "मामंजी, आपला टायर धाकट्या बाळूपेक्षा चार वर्षांनी मोठा हाय." बाळू तेव्हा सातवीत होता. आबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतः पाटी घेतली आणि उरलेल्या तीन टायरांचे आकडे उतरवून काढले.

टायर केव्हा बदलावा?

हंगाम सुरू होण्याआधी ट्रॉली उजेडात आणा. चारही चाके हाताने चाचपून पाहा. आतली बाजूही पाहा. ती नेहमी राहून जाते.

केसासारख्या बारीक रेषा असतील, तर लगेच भिण्याचे कारण नाही. पण लक्ष ठेवा आणि सावली करा. भेगेत नखाचे टोक शिरत असेल, तर मिस्त्रींना दाखवा. दोरे दिसत असतील, किंवा बाजूला फुगा आला असेल, तर तो टायर ओझ्याला लावूच नका. "एक खेप होऊ द्या, मग बदलू," असे म्हणू नका. तीच खेप शेवटची ठरते. आणि ट्रॉलीच्या मागे, पुढे, शेजारी आपलीच माणसे असतात.

टायरला हजारो रुपये पडतात. गोणपाटाला काही पडत नाही. कांद्याचा भाव आपल्या हातात नाही. पाऊस आपल्या हातात नाही. पण ट्रॉली उन्हात लावायची की सावलीत, हे तर आपल्याच हातात आहे ना?

लक्षात ठेवा

ट्रॉली रिकामी करून लावा.
चाकांवर सावली करा.
हवा सकाळी मोजा.
टायरला तेल लावू नका.
नक्षी पाहा, बाजूही पाहा आणि चार आकडेही वाचा.

करा आणि लिहा

आज घरी गेल्यावर ट्रॉलीच्या, गाडीच्या किंवा मोटरसायकलच्या टायरवरचे चार आकडे शोधा. ते वहीत लिहा. टायर कोणत्या सालचा आहे आणि आज त्याला किती वर्षे झाली, हे त्यापुढे लिहा. उद्या वर्गात एकमेकांना वाचून दाखवा.